अकरावा खड्डा

डिटेक्टर जमिनीवरून फिरवला आणि हेडफोनमध्ये तो ओरडायला लागला. मी एक पाऊल डावीकडे सरकलो. तिथंही ओरडला. उजवीकडे, पुढं, मागं, सगळीकडे तोच आवाज. शेवटी मी हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि कॅप्टन साहेबांकडे बघितलं.

आमचे कॅप्टन गिल पंजाबचे. वय सव्वीस. मागं, तपासलेल्या जमिनीची हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या फितीपाशी उभे होते.

"परब, क्या हुआ? पूरी ज़मीन में माइन है क्या?"

"नहीं साब. पत्थर है. हमारे मुलुक का पत्थर ही ऐसा है."

जांभा दगड लाल असतो तो त्यातल्या लोखंडामुळे. डिटेक्टर हे यंत्र जमिनीतला धातू हुडकतं. जिथं जमीनच लोखंडाची, तिथं त्याचा उपयोग शून्य. मी वेंगुर्ल्याचा. जांभ्याच्या घरात जन्मलो, जांभ्याच्या पायऱ्यांवर पडून गुडघे फोडून घेतले. पण सैन्यात बारा वर्षं काढूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आम्ही सगळं शिकलो ते वाळूत आणि मऊ मातीत.

हे १९६२ च्या जानेवारीतलं. गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य संपून महिना झाला होता. लढाई दोन दिवसांत आटोपली. पण लढाई संपते तेव्हा आमच्यासारख्या इंजिनिअर पलटणीचं काम सुरू होतं. पडलेले पूल उभे करायचे, अडवलेले रस्ते मोकळे करायचे आणि पेरलेले सुरुंग काढायचे. मी हवालदार होतो. हाताखाली आठ जवान. मला बोली येते म्हणून आमची सेक्शन बांद्यापासून काही मैलांवरच्या एका गावात पाठवली.

त्या गावाच्या अंगणातूनच सरहद्द जात होती. सरहद्द म्हणजे एक व्हाळ, पावसाळी ओढा. अलीकडे आपलं गाव, पलीकडे उतारावर काजूची बाग, आणि बागेच्या वर गोव्यातलं दुसरं गाव. चालत पाऊण तासाची वाट. दोन्ही गावांत सोयरिकी. व्हाळावर साकव, म्हणजे लहानसा लाकडी पूल होता. भारतानं गोव्याची नाकेबंदी केली त्या काळात या वाटेनं माणसं चोरून येत-जात, म्हणून पलीकडच्या पोर्तुगीज चौकीनं आदल्या शिमग्यानंतर साकव तोडला आणि बागेत सुरुंग पेरले. पाय पडला की फुटणारे, मोठ्या डब्याएवढे. पुढं श्रावणात सोमा गावड्याची म्हैस व्हाळ ओलांडून चरायला गेली आणि मेली. तेव्हापासून बागेत कोणी पाऊल टाकलं नव्हतं.

आता सरहद्दच उरली नव्हती. पण वाट बंदच होती, आणि मोठ्या रस्त्याचा वळसा पायी जाण्यासारखा नव्हता. आणि काजूला मोहोर आला होता. एकदा बोंडू, म्हणजे काजूची फळं, खाली पडायला लागली की बिया वेचायला बायका-पोरं बागेत शिरणार. कितीही पाट्या लावल्या तरी थांबणार नव्हती. आमच्या हातात फार तर सहा आठवडे होते.

डिटेक्टर पेटीत गेला आणि आम्ही प्रॉडिंगला बसलो. प्रॉडिंग म्हणजे पोटावर पडून सळई जमिनीत तिरकी खुपसत जायचं. दोन इंच, परत दोन इंच. सुरुंगाची स्प्रिंग वरून दाबली जाते, म्हणून सळई कडेनं, तिरकी घालायची. हे मऊ जमिनीत होतं. कातळात सळई शिरतच नाही. ठक्क आवाज येतो आणि तो दगड आहे की डबा, हे हातानं खरवडून बघावं लागतं. दोन दिवसांत आम्ही पंधरा पावलं पुढं गेलो. जवानांची कोपरं सोलवटून निघाली.

व्हाळाच्या अलीकडच्या काठावर एक घर होतं. घराच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, एक बाई बसून आम्हाला बघत होती. साठीच्या आसपासची, कमरेत ताठ. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारली.

"रे पोलिसा."

"पोलीस नाय काकी, मिल्ट्री."

"जो कोण आसशीत तो. थंयसर कित्याक खुपसतंस? थंय कातळ आसा. तुज्या आजाक पन थंय खड्डो मारूक जमाचो नाय."

मी उठून काठावर आलो. "तुका कसां ठावक?"

"झाडां कोणी लावली? मिया आनि माज्या घोवान. ती बाग माजी."

ही भागीरथी काकी. तिचं घर सरहद्दीच्या अलीकडे आणि बाग पलीकडे. नवऱ्याच्या मागं तिनं एकटीनं ती बाग सांभाळली. नाकेबंदी झाली आणि ती बाग तिला गडग्यावरून नुसती बघत बसावी लागली.

तिचं म्हणणं सरळ होतं. सडा म्हणजे सगळा कातळ. मध्येच कुठं हात-दीड हात खोल मातीचे खळगे. तिथंच झाड लागतं, तिथंच कुदळ चालते. मग ज्यानं सुरुंग पुरला त्याचीही कुदळ तिथंच चालणार.

मी वही घेऊन तिच्या शेजारी गडग्यावर बसलो. ती बोट करून सांगत गेली, मी काढत गेलो. वाकड्या झाडाच्या वरच्या अंगाला एक खळगा. तिथून चार पावलांवर दुसरा. मधला सगळा कातळ. पुढं वारूळ, वारुळाखाली खोल माती. एक जागा तिनं दोनदा बदलून सांगितली, मग स्वतःवरच चिडली आणि उठून उभं राहून परत बघितलं. तासाभरात वहीची तीन पानं भरली.

मी ती कॅप्टन साहेबांना दाखवली.

"यह मैप किसने दिया?"

"मालकीण ने, साब."

"भरोसे का है?"

झाडं तिनंच लावलीत, असं मी माझ्या हिंदीत सांगितलं. ते थोडा वेळ वही बघत राहिले आणि म्हणाले, ठीक आहे, पण कातळावरही नजर ठेवूनच पुढं सरका.

त्यानंतर काम धावायला लागलं. पहिल्या खळग्यात काही नव्हतं. दुसऱ्यात पहिला सुरुंग मिळाला. आठ दिवसांत सात. सुरुंग मिळाला की आम्ही तो उचलत नाही. शेजारी स्फोटक ठेवतो, सगळे लांब जातात आणि तो जागच्या जागी उडवतो. प्रत्येक स्फोटानंतर काकी गडग्यावरून विचारायची, "झाड ऱ्हवलां काय?" पाच झाडं राहिली, दोन गेली. त्या दोन्हींची नावं तिनं घेतली. झाडांना तिनं नावं ठेवली होती हे मला तेव्हा कळलं.

दुपारी ती आमच्यासाठी उकड्या तांदळाची पेज आणि सुकट पाठवायची. सेक्शनमधले दोन जवान राजस्थानचे. सुकट बघून ते पहिल्या दिवशी हात धुऊन उठले. आठव्या दिवशी दुसऱ्यांदा मागून घेत होते.

सगळे खळगे दोनदा तपासून झाले. सात आम्ही काढले, एक म्हशीच्या पायाखाली गेला होता. आठ. कॅप्टन साहेबांनी क्लिअरन्स सर्टिफिकेटचा कागद काढला. जमीन निर्धोक आहे असं लिहून सही करायची आणि पुढच्या गावाला निघायचं. वरून तशी घाईही होती.

"साब, कुल कितने थे?" मी विचारलं.

आमच्या धंद्यातला हा खरा प्रश्न. सुरुंग मिळणं हे अर्धं काम. आता उरला नाही हे कळणं दुसरं अर्धं, आणि तेच अवघड. पेरणाऱ्यानं नोंद ठेवली असेल तर सोपं जातं. या चौकीची नोंद कुणालाच मिळाली नव्हती. कॅप्टन साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

मी काकीला विचारलं. तिनं पलीकडच्या गावाकडे बघितलं. मग म्हणाली, "तां इनासाक इचार. कुदळ घेवन तोच फिरत होतो. आमका बघूक दिल्यानी नाय."

इनास पलीकडच्या गावचा, ख्रिस्ती, चाळिशीतला. चौकीवर स्थानिक शिपाई होता. साहेब बदलत, इनास कायम. वाटेवर माणसं अडवायची, बोचकी उघडायची, परत पाठवायचं, हे त्याच्याकडे. राज्य गेलं तसा तो घरात बसला होता. अलीकडच्या गावात चार-पाच जणांनी उघड सांगितलं होतं, इनास दिसला की पाय मोडायचे. त्यात सोमा गावडे पहिला.

कॅप्टन साहेब म्हणाले, पोलिसांकडून उचलून आणू. मी म्हटलं, साहेब, घाबरलेला माणूस तुम्हाला हवा तो आकडा सांगेल. मला एक दिवस द्या.

बांद्यावरून मोठ्या रस्त्यानं वळसा घालून मी जीपनं त्याच्या घरी गेलो. वर्दीवरच होतो. बायकोनं दार उघडलं आणि माझ्याकडे बघून ती बाजूला झाली. इनास आत बाकावर बसला होता, जणू रोज कोणीतरी न्यायला येणार म्हणून तयार. त्याची कोंकणी आणि माझी मालवणी, समजायला अडचण नव्हती.

मी सांगितलं, मी पकडायला आलेलो नाही. बागेत सुरुंग किती पुरले, एवढंच पाहिजे.

"खड्डे हांवें मारले," तो म्हणाला. "बोंब तांणी घातले." खड्डे त्याचे, सुरुंग पोर्तुगिजांनी घातलेले.

"किती खड्डे?"

"इकरा."

अकरा. म्हणजे तीन जमिनीत होते, आणि आम्ही सही करून निघणार होतो.

"जागा दाखवशील?"

तो मान हलवत राहिला. "ते मारतले माका."

"आम्ही असू ना. मी आहे, साहेब आहेत, बंदुका आहेत."

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलला. "तुमी वयतले. हांव हांगाच रावतलों." तुम्ही जाल, मी इथंच राहणार.

सैन्य किती दिवस एखाद्याच्या दारात उभं राहणार? शेवटी मी विचारलं, मग तुला कुणाच्या शब्दाचा भरवसा वाटेल? तो लगेच म्हणाला, "भागीरथीबायच्या." आणि लगेच पुढं म्हणाला, "पूण ती दिवची ना." पण ती देणार नाही.

का देणार नाही ते मला संध्याकाळी काकीनं सांगितलं. तिची एकुलती मुलगी पलीकडच्या गावात दिलेली. पाच वर्षांपूर्वी ती बाळंत झाली तेव्हा काकी आळिवाच्या लाडवांची पाटी डोक्यावर घेऊन व्हाळापर्यंत गेली. इनासानं अडवलं. पास नाही, परत जा. काकीनं पाया पडून सांगितलं, मी नाही येत, पण एवढी पाटी पोचव. त्यानं पाटी घेतली आणि तिला परत पाठवलं. मुलीकडून पुढं उलटा निरोप आला की आवशीनं साधे लाडूसुद्धा पाठवले नाहीत.

"आनि आता तेका मी सांबाळू?" काकी म्हणाली. ती आत गेली. मी उठून तंबूकडे आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठावर तोंड धूत होतो. ती गडग्यावर आली.

"अजून तीन थंय आसत मां? घेवन ये तेका. माज्या खळ्यात बसतलो. माज्या खळ्यात कोण कोणाक हात लावता तां मी बघतंय."

खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. दुपारी मी इनासला जीपमधून तिथं उतरवलं. सोमा गावडे आणि आणखी सहा जण आधीच गडग्याबाहेर उभे होते. चार जणांच्या हातात काठ्या. कॅप्टन साहेबांचा हात कमरेकडे गेला. मी डोळ्यांनी नको म्हटलं.

काकी घरातून तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. ते तिनं इनासपुढं ठेवलं. बाहेरच्या सगळ्यांनी ते बघितलं. आमच्याकडे ज्याला गूळ-पाणी दिलं तो पाहुणा. त्याला त्या घरात बोटही लावायचं नसतं. काठ्या होत्या तिथंच राहिल्या, पण कोणी आत आलं नाही.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "एक सांग. माजी पाटी चेडवाक पावली काय?"

इनास खाली बघत होता. मला वाटलं, हा आता खोटं बोलणार. मुलीकडून काकीला निरोप आला होता, हे त्याला कुठं ठाऊक होतं?

"ना," तो म्हणाला. "खाल्ले."

"सगळे?"

"चार हांवें. उरिल्ले सायबान."

कॅप्टन साहेब मला हळूच विचारत होते, काय चाललंय, आकडा सांगितला का? मी म्हटलं, साब, रुकिए.

"कशे होते?" काकीनं विचारलं.

"बरे आशिल्ले."

"गूळ कमी पडलो होतो," ती म्हणाली. "त्या वर्साक बरो गूळच गावलो नाय."

आणि ती हसली. मोठ्यानं नाही, पदर तोंडाला लावून. मग डोळे पुसले. इनास मान वर न करता बसून राहिला. बाहेर सोमा गावड्यानं काठी गडग्याला टेकवली आणि तो जांभ्याच्या चिऱ्यावर बसला.

माझ्यापुरता प्रश्न तिथंच मिटला. जो माणूस बाळंतिणीचे लाडू खाल्ल्याचं तिच्या आईसमोर कबूल करतो, तो खड्ड्यांचा आकडा खोटा सांगणार नाही.

आमच्या साफ केलेल्या पट्ट्यातून मी त्याला बागेत नेलं. तो एकेक जागा दाखवत गेला. सात जागा आमच्या वहीशी तंतोतंत जुळल्या, आठवी म्हशीची. नववी आणि दहावी त्यानं चक्क कातळात दाखवली. साहेबानं हुकूम केला म्हणून त्यानं पहार घेऊन एकेका खड्ड्याला दिवस दिवस घालवला होता आणि वरून माती आणून भरली होती. दोन्ही मिळाले. काकीला हे सांगितलं तर तिला सुरुंगापेक्षा कातळ फोडल्याचाच राग आला. "माज्या कातळात?"

अकरावी जागा साकवाच्या तोंडाशी, व्हाळाच्या काठावर. इनास तिथं येऊन थांबला. काठच नव्हता. पावसाळ्यात तो ढासळून व्हाळात गेला होता.

कॅप्टन साहेब म्हणाले, वाहून गेला असेल, बुडाला असेल. मीही क्षणभर तेच म्हणणार होतो. पण पाण्यात भिजला म्हणून सुरुंग मेला असं आमच्यात धरत नाहीत. मी काठावरूनच हाक मारली. "काकी, हूर इलो काय व्हाळाचां सामान खंय जावन आडकता?" हूर म्हणजे पूर.

तिला विचार करावा लागला नाही. "कोंडीत. माजी कळशी थंयच गावलेली." आणि हे बोलल्यावर तिचा चेहरा बदलला. माझाही बदलला असणार.

कोंड म्हणजे वळणावरचा डोह. अलीकडच्या गावातल्या बायका रोज तिथं कपडे धूत होत्या. त्या दिवशी सकाळीही धुऊन गेल्या होत्या.

कोंडीकडे जायची वाट बंद केली. पाणी गुडघाभर होतं. काठाच्या रेतीत पोटावर पडून मी आणि एक जवान दोन दिवस सळई घालत होतो. इथं मऊ रेती, सळई सहज जाते आणि त्याचीच भीती वाटते. दुसऱ्या दिवशी चौथ्या प्रहरी सळई हलकेच अडकली. हातानं रेती सारली. डबा आडवा पडला होता, अर्धा रेतीत. कपडे धुवायच्या सपाट दगडापासून तीन हातांवर.

त्या दगडावर साबणाचा पांढरा फेस वाळला होता. मी जवानाला मागं पाठवलं, स्फोटक ठेवलं आणि सावकाश मागं आलो. स्फोट झाला तो आमच्या एकट्या स्फोटकाचा नव्हता. आवाज मोठा होता. म्हणजे इतके महिने पाण्यात राहूनही तो जिवंत होता.

कॅप्टन साहेब म्हणाले, "परब, मैं आठ पर साइन कर रहा था."

"हाँ साब."

जमीन मालकाला परत देताना आमच्यात एक रीत आहे. ज्यांनी साफ केली, त्यांनी सगळ्यांसमोर तिच्यावरून चालून दाखवायचं. आम्ही दहा जण खांद्याला खांदा लावून बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. लोक काठावर उभे राहून बघत होते, पण पुढं कोणी येईना. परत येताना इनास न बोलावता ओळीत येऊन उभा राहिला. तो चालला. मग काकी व्हाळात उतरली, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून, आणि तिच्या मागं गाव.

ती बागेत थांबली नाही. तशीच वर मुलीच्या गावाला गेली. नात पाच वर्षांची झाली होती. ती आजीला बघून आईच्या मागं लपली, असं नंतर कळलं. काकी आठ दिवस राहिली, विहिणीशी भांडली आणि परत आली. आली तेव्हा आम्ही तंबू आवरत होतो. तिनं विचारलं, दोन झाडं गेली तिथं आता नवीन लावली तर चालतील ना? मी म्हटलं, चालतील.

त्या उन्हाळ्यात साकव परत बांधला. कामावरच्या टोळीत इनास होता आणि सोमा गावडेही. ते महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. एकच दगड दोघं मिळून उचलायचे, पण शब्द नाही. पुढं बोलायला लागले म्हणतात. गावातल्या एका म्हाताऱ्यानं मात्र इनासला शेवटपर्यंत दारात घेतलं नाही. तेही त्यांचं त्यांच्यापाशी.

नंतर मी बऱ्याच ठिकाणी हे काम केलं आणि एक गोष्ट शिकलो. जमीन साफ झाली हे सर्टिफिकेटवरून ठरत नाही. तिथं राहणारी माणसं तिच्यावरून चालायला लागली की ती साफ. आणि सुरुंग किती पुरले हे ज्याला ठाऊक असतं, तो बहुधा गावाला नकोसा झालेला माणूस असतो. त्याला आधी कुणीतरी बसायला जागा द्यावी लागते. ती फौजेला देता येत नाही.

रिपोर्टात यासाठी रकाना नव्हता. 'रिमार्क्स'खाली मी लिहिलं, स्थानिक लोकांचं सहकार्य मिळालं. कॅप्टन साहेबांनी वाचलं, आणखी काही लिहायचं आहे का विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी सही केली.